मात्सुएला नेलेलं ऊन

८ जून, ओकायामा

पावसाळा लागल्याचं आज हवामान खात्याने जाहीर केलं, आणि पाठोपाठ आमच्या घरात इसोकोने आपली घोषणा केली.

आधी या वहीबद्दल. ही दहा वर्षांची दैनंदिनी मला मार्चमध्ये निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने दिली. एका पानावर एक तारीख आणि तिच्याखाली दहा वर्षांचे दहा चौकोन, प्रत्येकी चार ओळींचे. चार ओळींत माणसाचा दिवस कसा मावायचा? मी बिनदिक्कत खालच्या चौकोनांत घुसतो. आजचं लिहिताना पुढची तीन वर्षं आताच खर्ची पडली आहेत.

तर इसोको. ती मूळची डोंगरापलीकडच्या मात्सुएची. तिची थोरली बहीण फुमिए तीन वर्षांपूर्वी विधवा झाली, आणि दरवर्षी पावसाळ्यात दोघींनी मिळून फिरायचं असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. पावसाळ्यात! माणसं पावसाळ्यात घरी बसून भिंतीवरची बुरशी पुसतात. पण आज जेवताना ती म्हणाली, "या वर्षी तुम्हाला एकदा बरोबर नेऊन बघते. जमलं तर दरवर्षी आपण दोघं जाऊ. नाही जमलं तर मी आणि ताई जाऊ, तुम्ही घर सांभाळा."

नेऊन बघते म्हणे. जणू मी बाजारातलं कलिंगड. मी बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात प्रशासन सांभाळलं, लग्नानंतरच्या अडतीस शरद ऋतूंत कारखान्याच्या अडतीस सहली काढल्या, आणि त्यांतल्या सदतीस सहलींत कोणाच्या टोपीवर पावसाचा थेंब पडला नाही. मी उन्हाचा माणूस आहे. हे मी म्हणत नाही, अख्खा कारखाना म्हणतो. कुसाका-सान, आमचे जुने विभागप्रमुख, म्हणायचे की नागामिने, म्हणजे मी, बरोबर असला की छत्री ही फक्त काठी.

इसोको मात्र पावसाची बाई. आमच्या लग्नात मात्सुएला असा कोसळला की कुसाका-सानच्या कोटाचा रंग त्यांच्या शर्टावर उतरला. त्याच वर्षी तिला सहलीला नेलं, तर बोटच रद्द झाली. त्यानंतर ती आपण होऊन घरी राहायला लागली. तिने कधी हट्ट धरला नाही, हा तिचा मोठा गुण.

दरवर्षी घर सांभाळायची माझी मुळीच इच्छा नाही. निवृत्तीनंतरचे हे अडीच महिने मी घर सांभाळतोच आहे, आणि घरालाही माझा कंटाळा आलाय. तेव्हा परीक्षा तर परीक्षा. मात्सुएत तिच्या अंगावर एक थेंब पडू द्यायचा नाही, असं मी ठरवलंय.

९ जून

दिवसभर ऊन मागायच्या बाहुल्या केल्या. आपल्या नेहमीच्या, तेरु-तेरु-बोझु. पांढऱ्या रुमालात कापूस, गळ्याशी दोरा, खाली घोळदार झगा. सात दिवसांच्या सात. तोंडं रंगवली नाहीत. ऊन पडल्यावरच बक्षीस म्हणून डोळे काढायचे असतात. इसोको दारातून म्हणाली, "हे कशाला?" मी म्हटलं, "तू बघच." ती बघत राहिली आणि मग स्वतःची बॅग भरायला गेली. तिने प्रवासासाठी नवे गमबूट घेतलेत, हायड्रेंजियाच्या फुलासारखे निळे. मी सांगितलं की सँडल घे, बुटांना काम पडणार नाही.

१० जून, मात्सुए

ओकायामा सोडताना रिपरिप होती. डोंगरात बोगद्यामागून बोगदे, आणि प्रत्येक बोगद्याबाहेर तोच पाऊस. इसोको खिडकीला नाक लावून बसली होती. डोंगर ओलांडला आणि काय सांगू, लख्ख आकाश. शेजारच्या गृहस्थाला मी सांगितलं की याचं श्रेय माझ्याकडे आहे. त्यांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

या बाजूला म्हण आहे की जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. मी स्टेशनवर इसोकोला म्हटलं, बघ, आज डबाच आणायला हवा होता. ती बूट घालून उतरली होती. उन्हात चालताना त्यांचा पचक पचक आवाज येत होता, कारण आत पाय घामेजले होते.

सरोवराकाठच्या सरायीची मालकीण दारात वाकून उभी होती. म्हणाली, "माफ करा हं. एवढ्या लांबून आलात आणि बघा ना, काय हे ऊन." मला वाटलं थट्टा करतेय. वाकलेलं डोकं वर आलं तेव्हा तिचा चेहरा खरंच पडलेला होता.

खोलीच्या खिडकीत, पडद्याच्या दांडीला, सातही बाहुल्या टांगल्या. पहिलीला डोळे काढले.

११ जून

हायड्रेंजियाच्या देवळात गेलो. टेकडीभर झाडं, हजारो, पण सगळ्या फुलांनी माना टाकलेल्या. एक म्हातारे भिक्षू झारीने पाणी घालत होते. इतक्या झाडांना झारी! मी म्हटलं, "फोटोला प्रकाश छान मिळालाय." ते म्हणाले, "हो, प्रकाशाला काही तोटा नाही." आणि झारी भरायला गेले.

मी एकशे चार फोटो काढले. इसोको प्रत्येकात उभी आहे, मिटलेली छत्री हातात घेऊन. नंतर चहाघरात फुलाच्या आकाराची थरथरती निळी मिठाई पुढे आली, तिच्याकडे बघत म्हणाली, "निदान हिला तरी ओलावा आहे." तिला मिठाई आवडली याचा मला आनंद झाला. सहल उत्तम चालली आहे. दुसऱ्या बाहुलीला डोळे काढले.

१२ जून

विचित्र प्रकार. सकाळी उठलो तर सातही बाहुल्या डोकं खाली, झगा वर. उलटी बाहुली पाऊस मागते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नीट तपासल्या तेव्हा दोष सापडला. डोक्यात कापूस जास्त झालाय, त्यामुळे भार खाली जातो. कारागिरी कच्ची, दुसरं काय. प्रत्येकीचा मेंदू थोडा थोडा काढला आणि सुलट्या टांगल्या. इसोकोला हे समजावून सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल बाई. मला त्यातलं काय कळतं."

दुपारी किल्ल्याच्या खंदकात नावेतून फेरी. पूल आले की छप्पर खाली येतं आणि सगळ्यांना नाक गुडघ्याला लावून वाकावं लागतं. नावाडी कपाळ पुसत म्हणाला की या दिवसांत लोक येतात ते छपरावरचा पाऊस ऐकायला. म्हणाला, "आज काय ऐकवू? माझं पोट ऐका." इसोको खूप हसली. या सहलीत ती पहिल्यांदाच हसली, आणि तेही नावाड्याच्या विनोदाला. मी तिला माझा झाकणांच्या यंत्राचा किस्सा सांगितला. तो तिने आधी ऐकला होता.

१३ जून

पुन्हा उलट्या! काल दुहेरी गाठ मारली होती, खिडकी बंद होती. सरायीच्या मालकिणीला विचारलं की या खोलीत वारा कुठून शिरतो. तिने बाहीने तोंड झाकलं आणि म्हणाली, "आमच्या गावात बाहुल्यासुद्धा पावसाच्या बाजूच्या." हसण्यासारखं त्यात काय होतं ते कळलं नाही. बाहुल्या सुलट्या केल्या. दोन तर दांडीवरून काढून वरच्या पट्टीला बांधल्या, जिथे वारा पोहोचणार नाही.

चारच्या सुमारास सरोवरावर एक ढग आला आणि दोन मिनिटं भुरभुरला. इसोको बागेत धावली, चक्क धावली, बूटसुद्धा न घालता. मी तत्परतेने छत्री घेऊन गेलो आणि तिला कोरडी ठेवून आत आणली. ती म्हणाली, "सोडा हो." मी म्हटलं, "अगं, सर्दी होईल." तेवढ्यात ढगही गेला. ती बराच वेळ पायऱ्यांवर बसून होती.

संध्याकाळी कुसाका-सानचा फोन. पंधराला निवृत्तांची मैदानावरची गेटबॉलची स्पर्धा आहे आणि पावसाचा अंदाज आहे. म्हणाले, "नागामिने, लग्नाची बायको काय, रोजचीच आहे. आकाश घेऊन ये." अडतीस वर्षांत मी त्यांना नाही म्हटलेलं नाही. इसोकोला विचारलं. ती उशीची खोळ नीट करत म्हणाली, "जा ना. मी ताईकडे राहीन. कळलं मला."

काय कळलं ते तिने सांगितलं नाही. पण परवानगी मिळाली. परवा सकाळचं तिकीट काढलं. तरी झोप येत नाहीये. रात्रीचं लोणचं बाधलं असावं.

१४ जून

आज लिहायला जड जातंय.

फुमिएताईंनी दुपारी जेवायला बोलावलं होतं. सरोवरातल्या शिंपल्यांचं मिसो सूप, भात, तळलेला मासा. बाई बोलायला फटकळ, आमच्या लग्नापासून मी त्यांना जरा वचकून असतो. जेवण झाल्यावर इसोको शेजारणीला भेटायला गेली, आणि ताईंनी भांडी तशीच ठेवून माझ्यासमोर बैठक मारली.

म्हणाल्या, "उद्या चाललात म्हणे, ऊन घेऊन."

मी म्हटलं, तिनेच जा म्हटलं.

"ती तर अडतीस वर्षं 'जा' असंच म्हणतेय. तोकुजी-सान, तुमच्या सहलीच्या दिवशी दरवर्षी सकाळी ती मला फोन करायची, ठाऊक आहे? म्हणायची, ताई, आज तिकडे मुसळधार पडू दे म्हणून देवाला सांग. एकदा तरी माझ्याशिवाय पडू दे."

मला हसू आलं. मी म्हटलं, मग कधी पडला का? देवाने काही ऐकलं नाही.

"नाही ना पडला. म्हणून तिला ते खरंच वाटायला लागलं. किनुएच्या शाळेच्या क्रीडादिनाला ती का नव्हती येत?"

किनुए आमची मुलगी. मी म्हटलं, तिचं त्या दिवशी डोकं दुखायचं.

"सहाच्या सहा वर्षं? त्याच दिवशी? पोरीच्या शर्यतीवर पाऊस पडू नये म्हणून ती घरात बसायची. डबा करून द्यायची आणि घरात बसायची."

तो डबा मला आठवतो. तीन खणी. वरच्या खणात अंड्याची गुंडाळी, मधल्यात भाताचे गोळे, खालच्यात सफरचंदाचे ससे. मी तो मैदानावर उघडायचो आणि शेजारच्या बायका म्हणायच्या की तुमची बायको किती हौशी. मी म्हणायचो, हो, पण तिला गर्दी सोसत नाही. सहा वर्षं मी तो डबा खाल्ला. एकदाही मागे वळून विचारलं नाही.

मग ताई भांडी घासायला उठल्या. मी पुसायला घेतली तर म्हणाल्या, "राहू द्या, फोडाल." एक फोडलंच.

येताना इसोको म्हणाली की तुम्ही आज गप्प आहात. मी म्हटलं, शिंपले बाधले असतील.

तिकीट वहीत ठेवलंय. बाहुल्यांकडे बघवत नाही. मी मूर्ख होतो की नुसताच आनंदी, ते ठरत नाहीये.

१५ जून

या तारखेखालच्या चौकोनांत मी आज घुसणार नाही. फार तर समासात लिहीन. कारण शेवटी सांगतो. (समास भरला. पुढचं वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर.)

पहाटे पाचला जाग आली. उजाडलं होतं. इसोको टेबलावर उभी होती, सरायीच्या सुती युकातामध्ये, आणि बाहुल्या एकेक करून उलट्या टांगत होती. प्रत्येकीला हळूच म्हणत होती, "माफ कर हं." मी डोळे मिटले. इतका खोटा मी आयुष्यात झोपलो नव्हतो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते असं. रोज सकाळी समोर टांगलेलं असताना मी बसलो होतो कापूस मोजत.

पाच झाल्या. उरलेल्या दोन मी वरच्या पट्टीला बांधल्या होत्या. ती चवड्यांवर उभी राहिली, हात ताणला, बोटं चार अंगुळं कमी पडली. सुस्कारा टाकून उतरली आणि टॉवेल घेऊन आंघोळीच्या कुंडाकडे गेली.

मी उठलो. टेबलावर चढलो. दोन्ही सोडवल्या आणि डोकं खाली करून परत टांगल्या, दुहेरी गाठ मारून. "माफ कर," असं म्हणायला गेलो, पण ते बाहुलीला म्हणायचं नव्हतं.

इसोको परतली. सातही बाहुल्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी दात घासत होतो. ती म्हणाली, "वारा फार आहे या खोलीत." मी तोंडात फेस घेऊन म्हटलं, "फार."

मग कुसाका-सानना फोन लावला. म्हटलं, येत नाही. ते म्हणाले की मग आमच्या डोक्यावर काय धरायचं? मी म्हटलं, छत्री.

दहापर्यंत आकाश निळंशार. सव्वादहाला सरोवराचा पलीकडचा काठ दिसेनासा झाला. साडेदहाला पावसाने असा जोर धरला की सरायीची मालकीण पुढच्या दारात येऊन टाळ्या पिटायला लागली. इसोकोने बूट चढवले. माझ्याकडे फक्त सँडल, माझ्याच सल्ल्याप्रमाणे.

देवळात गेलो. तीच टेकडी. पण तीच म्हणवत नव्हती. चार दिवसांपूर्वी मान टाकून बसलेली फुलं आता भरलेल्या ओंजळींएवढी झाली होती, आणि निळा रंग इतका गडद की इसोकोचे बूट त्यात दिसेनासे व्हायचे. भिक्षू ओसरीवर बसले होते, झारी बाजूला पालथी. आम्हाला पाहून वाकले.

मला मजा आली का? खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. मोजे चिंब झाले, चष्म्यातून काही दिसेना, पाठीत ओघळ गेला, पायरीवरून घसरून बसलो. फोटो एक काढला, त्यात माझा अंगठा आहे. आणि इसोको पुढे चालत होती, छत्री मिटून, तोंड वर करून, पासष्टीच्या नवऱ्याला मागे टाकून. मला इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती.

मंडपात उभे राहिलो तेव्हा फोन वाजला. कुसाका-सान. ओरडून सांगत होते की ओकायामाला कडक ऊन पडलंय, स्पर्धा झोकात चाललीय, तुझ्यावाचून काही अडलं नाही. इतकी वर्षं आम्ही तुझं उगाच कौतुक केलं, असंही म्हणाले. इसोकोला ऐकू जात होतं. ती खांबाला धरून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी म्हटलं, "कुसाका-सान, इकडे मुसळधार आहे, आणि तो मी आणलाय."

"तुम्ही नाही, मी," इसोको म्हणाली.

"वरच्या दोन माझ्या होत्या."

"त्या दोघींनी काय होतंय? पाच माझ्या."

फोनमध्ये कुसाका-सान विचारत होते की काय चाललंय. मी फोन ठेवला. मग छपरावरचा पाऊस ऐकत बराच वेळ उभे होतो. बोलायचं ते मी सकाळपासून जिभेवर घोळवत होतो, भाषणं लिहायची सवय असून एक वाक्य जुळेना. शेवटी सरळच म्हटलं, "इसोको, चुकलं माझं. अडतीस सहली."

ती छत्रीचं पाणी झटकत होती. म्हणाली, "सदतीस. एका सहलीला नेलं होतंत."

तिने ते इतक्या न्यायाने सांगितलं की मला रडू आलं. चष्मा ओलाच होता, त्यामुळे निभावलं.

परतताना म्हणाली की किनुएला फोन करूया. केला. किनुएच्या मुलाचा क्रीडादिन ऑक्टोबरात आहे. इसोकोने विचारलं, आजी आली तर चालेल का, पाऊस पडला तर? किनुए म्हणाली की आई, आता सगळं बंदिस्त सभागृहात असतं गं, केव्हापासून. इसोको म्हणाली, "डब्यात काय करू?"

आता चौकोनांचं. संध्याकाळी ही वही तिने उघडून पाहिली आणि खालची वर्षं खाल्लेली पाहून म्हणाली, "पुढच्या वर्षी कुठे लिहिणार? कपाळावर?" म्हणून आजच्या तारखेखालचे नऊही चौकोन मोकळे सोडून मी आंघोळीला गेलो.

परत आलो तर पुढच्या वर्षीच्या चौकोनात तिचं बारीक, सरळ अक्षर होतं: "मात्सुए. दिवसभर पाऊस. या वेळी त्यांनीही बूट आणले."